प्रार्थनेत हरवलेली आजी

शेजाऱ्याची म्हातारी आई हरवणं लोकांना वाटतं तितकं अवघड नसतं. मी तर ते काम डोळे मिटून केलं.

डोळे मिटून म्हणजे अक्षरशः डोळे मिटून. प्रार्थना चालू होती. पण त्याआधी आम्ही कोण ते सांगायला हवं.

मी साळवे मास्तर. औरंगाबादला औरंगाबादच म्हणायचे तेव्हाची ही गोष्ट. मुकुंदवाडीत, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर, आमचं दोन खोल्यांचं घर होतं. मागे उंच भिंतीचं छोटं अंगण. मी शाळेत भूगोल शिकवायचो (पुढचं वाचताना हे कृपया लक्षात ठेवू नका). माझी बायको करुणा सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून अख्खी गल्ली तिला 'सिस्टर' म्हणायची. गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच. डाव्या हाताला भगवानराव जाधव. ते मूळचे फुलंब्रीकडचे, चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरीला. उजव्या हाताला युसूफभाई रिक्षावाले आणि त्यांची बायको रजियाआपा.

त्या उन्हाळ्यात आमच्या पाळकसाहेबांनी शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेवर प्रवचन दिलं. असं रंगलं, असं रंगलं, की मागच्या बाकावरचे नेहमीचे झोपाळूसुद्धा जागे राहिले. शेवटी पाळकसाहेबांनी विचारलं, "पुढच्या रविवारी या विषयावर साक्ष कोण देईल?"

माझा हात वर गेला. (साक्ष म्हणजे देवाने आपल्या हातून काय करवून घेतलं, ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं.) हात वर गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की साक्ष द्यायची तर आधी काहीतरी करावं लागतं!

मग काय, सोमवारपासून मी शेजाऱ्यांच्या मागे लागलो. शाळेला सुट्टी होती, वेळच वेळ. रजियाआपा नळावर दिसल्या, की मी धावत जाऊन म्हणायचो, "आपा, हंडा द्या इकडे!"

"क्या हुआ मास्तर? तबियत तो ठीक है ना?" त्यांनी घाबरून विचारलं. तरी मी हंडा घेतलाच. नेहमीची सवय नसल्यामुळे तो माझ्या हातून सुटला आणि त्याला पोचा पडला. भगवानरावांच्या सायकलला न विचारता तेल घातलं, ते नेमकं ब्रेकला लागलं. गुरुवारपर्यंत गल्लीतले लोक मला लांबून पाहून दारं लोटून घेऊ लागले. माझी काळजी वाढत चालली. रविवार जवळ येत होता आणि देवाने माझ्या हातून एक पोचा आणि एक निसटता ब्रेक, एवढंच करवून घेतलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र भगवानराव स्वतःहून दारात आले.

"सर, एक अडचण हाय. उद्या सोयगावला जायाचंय, पोरीच्या सोयरिकीचं बघायला. घरातले समदेच चाललोत. पण मायला यष्टीत लई तरास व्हतो. अन् एकटं सोडावं तर ती गावाकडं जायाचं म्हून हट्ट धरती. मागं एकदा नाक्यापतूर गेली व्हती चालत. सिस्टर घरी हायत का उद्या?"

"सिस्टरची ड्यूटी आहे, पण मी आहे की!" मी जवळजवळ ओरडलोच.

भगवानरावांचा चेहरा पडला. "तुम्ही?"

"मी!"

"नाय म्हंजे... दुसरं कोणी..."

"भगवानराव, शेजारी कशासाठी असतो?"

बिचाऱ्यांनी सायकलकडे एक नजर टाकली आणि मान डोलावली.

रात्री करुणा म्हणाली, "अहो, म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं म्हणजे बोलायचं, ऐकायचं, सोबत बसायचं. भाषण करायचं नाही. आणि त्या काही म्हणाल्या तर वाद घालू नका, हो ला हो म्हणा."

"मला शिकवू नकोस," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी जाधव मंडळी गेली, करुणा ड्यूटीवर गेली, आणि मी जाधवांच्या ओसरीवर आजींसमोर खुर्ची टाकून बसलो. आजी खाटेवर. हिरवं लुगडं, आणि पदर पार हनुवटीपर्यंत ओढलेला. परक्या पुरुषासमोर त्या पदर वर करत नसत. गेलं वर्षभर शेजारी राहूनही मी त्यांचं फक्त नाक पाहिलं होतं, तेही बाजूने.

"आजी, बरं आहे ना?"

"व्हय."

"पाणी देऊ?"

"नगं."

"गार वाटतंय का गरम?"

यावर त्यांनी हातपंखा उचलला. वैशाखातलं औरंगाबाद, कौलांतून जाळ उतरत होता. प्रश्नच तसा होता.

दुपारी मी स्वतःच्या हाताने खिचडी करून आणली. त्यांनी ताट पदराआड नेलं, वास घेतला आणि हळूच माझ्याकडे परत सरकवलं. "नगं बाबा." आलं लक्षात! जुन्या वळणाची माणसं, ख्रिस्ती घरचं अन्न कसं खातील? मी मनातल्या मनात त्यांना क्षमा केली, त्यांचा आदर केला, आणि साक्षीत हा भाग कुठे घालावा याचा विचार करू लागलो. खरं तर तेव्हाच मला सुचलं, की या क्षणी प्रार्थना करावी. त्यांच्यासाठी, जाधवांसाठी, सोयरिकीसाठी.

माझ्या प्रार्थनेबद्दल मंडळीत एक बोललं जातं. मी प्रार्थनेला उभा राहिलो, की बायका दुधाचं पातेलं उतरवून ठेवलंय ना ते आठवून घेतात. मी डोळे मिटले. जाधव कुटुंबापासून सुरुवात केली, मग गल्ली, मग मुकुंदवाडी, मग औरंगाबाद, मग पाऊसपाणी. भूगोलाचा मास्तर असल्यामुळे मला लवकर थांबता येत नाही. कितीतरी वेळाने 'आमेन' म्हणून डोळे उघडले.

खाट रिकामी होती.

आधी वाटलं, आत गेल्या असतील. आत पाहिलं. मोरीत पाहिलं. दारामागे पाहिलं. कणगीत पाहिलं! (म्हातारं माणूस कणगीत का शिरेल, असं विचारू नका. त्या वेळी माझं डोकं माझ्या ताब्यात नव्हतं.) आजी कुठेच नव्हत्या, आणि त्यांच्या चपलाही नव्हत्या.

रूळ जवळ! मोठ्या रस्त्यावर ट्रक! डोक्यावर हे ऊन! मी बाहेर धावलो. आमच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं, त्याला घाईघाईने कुलूप घातलं (चोरी झाली तर करुणाला काय सांगू?), किल्ली खिशात टाकली आणि रजियाआपांचं दार ठोठावलं.

"आपा! आजी गेल्या!"

"इन्ना लिल्लाह! कब?"

"आत्ताच!"

"कैसे?"

"प्रार्थना चालू होती."

आपांनी डोळ्याला पदर लावला. "सुकून से गयीं बेचारी."

"अहो, तशा नाही गेल्या! चालत गेल्या! कुठे गेल्या माहीत नाही!"

आपांच्या जिवात जीव आला आणि त्याच दमात त्यांनी मला झापलं. "तो ठीक से बोलो ना मास्तर! कलेजा निकाल के रख दिये!" मग आत वळून ओरडल्या, "अजी सुनते? उठो! आजी गुम हुए!"

युसूफभाई जेवून आडवे झाले होते. ते तसेच उठून रिक्षाकडे धावले. आपांनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या आणि रुळांच्या बाजूला शोधायला घेऊन गेल्या. गल्ली ओस पडली. युसूफभाई म्हणाले, "नक्को घबराओ मास्तर. आजी को गांव जाने का है ना? फुलंब्री की गाडी किधर से निकलती? बसस्टँड से. चलो!"

वाटभर मी दोन्ही बाजूंना पाहत होतो. प्रत्येक झाडाखाली मला आजी दिसत. प्रत्येक ट्रक थांबलेला दिसला की मी वाकून त्याच्या चाकांखाली पाही. भगवानराव रात्री परत येतील, विचारतील, "सर, माय कुठंय?" मी काय उत्तर देणार? आणि माझं एकट्याचं नाक कापलं जाणार असतं तरी चाललं असतं. पण गल्लीत ख्रिस्ती घर एकच! उद्यापासून लोक म्हणणार, यांच्या धर्मात शेजाऱ्यावर प्रेम करतात ते असं!

बसस्टँडवर फुलंब्रीच्या गाड्या लागतात तिथे पोचलो, आणि माझ्या तोंडून "देवा, तुझे आभार!" असं इतक्या मोठ्याने निघालं, की एका कंडक्टरने वळून पाहिलं. खांबाशी गाठोडं घेऊन आजी बसल्या होत्या. तेच हिरवं लुगडं, तोच हनुवटीपर्यंत पदर!

"आजी! अहो, इथे काय करताय? चला घरी!"

पदराआडून आवाज आला, "आलाव व्हय जावईबापू? लई वाट पाह्यली बाबा तुमची."

जावईबापू! ऊन डोक्यात गेलं वाटतं, मी मनात म्हटलं. पण करुणाने बजावलं होतं, वाद घालायचा नाही.

"हो, आलो. चला."

"मंदा बरी हाय का?"

"बरी आहे, बरी आहे. तुम्ही आधी रिक्षात बसा."

"अन् बाळ?"

"बाळही मजेत आहे." (कुठलं बाळ? पण हो ला हो!)

"कुणावर गेलंय?"

"आईवर."

मंडळीचा पंच मी, खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती! आणि रिक्षा क्रांती चौकापर्यंत यायच्या आत मी त्या बाळाला मुलगा ठरवून त्याचं वजन, रंग आणि जावळ सांगून मोकळा झालो होतो. आजी इतक्या खूश झाल्या, की गाठोडं सोडून त्यांनी मला डिंकाचा लाडू दिला. मी तो पुरवून पुरवून खाऊ लागलो. मनात म्हटलं, पाहा, मघाशी हातचं न खाणारी माणसं, आणि आता! प्रार्थनेचं फळ! साक्ष तर आता सोन्यासारखी होणार होती.

आम्ही गल्लीत शिरलो. रजियाआपा रुळांकडून हात हलवत परत येत होत्या. आजींना पाहून त्यांनी दोन्ही हात वर केले आणि तांब्याभर पाणी आणलं. आजींनी पाणी प्यायला पदर वर केला.

आपांनी वाकून नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ये कौन हैं?"

"कोण म्हणजे? आजी!"

"आजी तो हैं," आपा म्हणाल्या, "मगर अपनी आजी नहीं हैं!"

माझ्या तोंडात अजून लाडू होता. तो गिळेना आणि थुंकवेना.

आता तुम्हीच विचार करा. सकाळी माझ्याकडे शेजाऱ्याची एक आजी होती. दुपारी ती नव्हती, आणि दुसऱ्या कुणाची तरी आजी होती! मी हात जोडून विचारलं, "आजी, तुम्ही कोण?"

"म्या कौसाबाई. आन् तुम्ही मंदाचे मालक न्हवं?"

हळूहळू उलगडा झाला. कौसाआजी गावाकडून नुकत्याच बाळंत झालेल्या नातीला भेटायला एकट्याच आल्या होत्या. नातजावई स्टँडवर घ्यायला येणार होता. त्याला त्यांनी फक्त लग्नात पाहिलेलं, तेही मुंडावळ्यांच्या आडून. ज्याने "चला घरी" म्हटलं, तोच जावई!

"आजी, चूक झाली. चला, तुम्हाला परत स्टँडवर सोडतो."

"परत?" त्यांचा आवाज चढला. "नातीचं तोंड न दावता मला माघारी धाडताव? कोणच्या जल्माचं वैर हाय तुमचं? अवो बघा वो, ह्यो माणूस मला..."

रिक्षा निघाली ती ह्याच गजरात. सिग्नलला रिक्षा थांबली की कौसाआजी बाहेर डोकं काढून लोकांना सांगायच्या, "मला फशिवलं वो!" सायकलवाले थांबून रिक्षात डोकावत. युसूफभाई पुढून नुसतं "या अल्ला" म्हणत होते. मी पदराच्या जागी रुमाल घेऊन तोंड झाकलं. त्यामुळे मी जास्तच संशयित दिसू लागलो.

स्टँडवर गर्दी जमलेली होती. मधोमध घामाघूम झालेला एक तरुण हवालदाराला सांगत होता, "पानवाल्यानं पाह्यलं साहेब! चष्मेवाला माणूस, रिक्षात घालून घेऊन गेला!" तेवढ्यात त्याचं लक्ष आमच्याकडे गेलं. चष्मेवाला माणूस! रिक्षा! आजी!

त्याने माझी कॉलर धरली. हवालदाराने ती सोडवली आणि स्वतः धरली.

"कोण हरवलंय?" हवालदाराने विचारलं.

"माझी आजेसासू!" तरुण म्हणाला.

"माझ्या शेजाऱ्याची आई!" मी म्हटलं.

हवालदाराने कौसाआजींकडे बोट केलं. "अन् ह्या कोण?"

"ह्या सापडल्या."

"सापडल्या, मंग हरवलं कोण?"

"दुसऱ्या आजी."

"म्हंजे एक आजी हरवली म्हणून तुम्ही दुसरी उचलली?"

"उचलली नाही हो, चुकून!"

"मास्तर दिसताव तुम्ही," हवालदार म्हणाला. "वर्गातली पोरं तरी बरोबर घरी धाडताव का?"

गर्दी हसली. मला रडू यायचं बाकी होतं. पण गंमत बघा, माझ्या मदतीला कौसाआजीच आल्या. जावई खरा सापडल्यावर त्यांचा राग पार उतरला होता. त्या म्हणाल्या, "सोडा वो त्याला. लेकरू भोळं हाय. लई मायेनं घेऊन गेलं. पाणी पाजलं. बाळाचं समदं सांगितलं." मग जावयाकडे वळून, "काय रे, पोरगं आईवर गेलंय ना?"

जावई गोंधळला. "पोरगं नाय आजी. पोरगी झालीय."

यावर कौसाआजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

ते दोघं गेले. हवालदाराने माझी कॉलर सोडली आणि आपल्या मूळ आजींची चौकशी सुरू केली. आता माझी खरी परीक्षा होती.

"नाव काय म्हातारीचं?"

"आजी," मी म्हणालो. मी त्यांना कायम 'आजी' म्हणत आलो होतो.

"बरं, चेहरा कसा हाय? गोल, उभट?"

"नाक... नाक आहे," मी म्हणालो.

"कशी चालती? काही खूण?"

मी त्यांना कधी चालताना नीट पाहिलंच नव्हतं. एका भिंतीपलीकडे वर्षभर राहणारं माणूस! आठवडाभर मी शेजारी, शेजारी म्हणून गल्ली डोक्यावर घेतली होती. त्या गर्दीत, त्या उन्हात मला जी लाज वाटली, तशी कॉलर धरल्यावरही वाटली नव्हती.

मागून युसूफभाई पुढे झाले. "लिखो साहब. गोदावरीबाई जाधव. सीधे पैर का घुटना दुखता, लंगडा के चलती. दवाखाने को मेरीच रिक्षा में जाती. सिस्टर घुटने की मालिश करती उनकी. हनुवटी पे गोंदण है. मीठा पान पसंद है."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "शेजारी कोण, तुम्ही का हे?"

मी युसूफभाईंकडे बोट दाखवलं.

मग आम्ही नाका पाहिला, दवाखाना पाहिला, मुकुंदवाडीचं छोटं स्टेशन पाहिलं. तिथल्या बाकावर एक कुत्रं झोपलं होतं, तेवढंच. स्टेशनमास्तरला विचारलं, "कुणी म्हातारी रुळावर..." त्याने 'नाही' अशी मान हलवली, तेव्हा मी तिथेच खाली बसलो. आता मी प्रार्थना करत होतो, पण डोळे उघडे ठेवून, आणि एकाच वाक्याची: "देवा, गोदाआजी सुखरूप असू दे." नाव कळल्यावर प्रार्थना किती आखूड होते!

उन्हं उतरली. आम्ही गल्लीत परतलो. करुणा ड्यूटीवरून आली होती आणि दारासमोर उभी होती. रजियाआपांनी तिला सगळं सांगितलेलं असणार, कारण ती ओरडली नाही. ती ओरडत नाही तेव्हा मला फार भीती वाटते.

"किल्ली," ती म्हणाली.

"करुणा, आधी आपण पोलिसात पुन्हा..."

"किल्ली द्या."

मी कुलूप काढलं. दार उघडलं आणि आतून लसणाच्या फोडणीचा खमंग वास आला.

मी दचकलो. "चोर!"

"चोर फोडणी देतो का?" करुणा म्हणाली आणि आत गेली.

आमच्या स्वयंपाकघरात, आमच्या चुलीपुढे, आमच्या पाटावर गोदाआजी पिठलं ढवळत बसल्या होत्या! शेजारी भाकऱ्यांची चवड. आणि मागच्या अंगणात कापडावर कुरडया, कडकडीत वाळलेल्या, एकीलाही कावळ्याची चोच लागलेली नाही.

मी भिंतीला टेकलो.

"आजी, तुम्ही इथे कशा?"

त्यांनी चटकन पदर ओढला. माझ्याशी नाही, करुणाशी बोलल्या. "सिस्टर, काल आपण दोघींनी कुरडया घातल्या न्हवं का? तुझ्या मास्तरनं डोळं मिटलं अन् कायबाय म्हणाया लागले. म्हणलं, देवाचं चाललंय, मधी बोलू नाय. तेवढ्यात तुमच्या अंगणात कावळे वरडले. म्हणलं, कुरडया जातील समद्या. म्हून आले राखण कराया."

"मग हाक का नाही मारलीत?" मी कळवळून विचारलं. "मी कुलूप लावून गेलो!"

"हाका मारल्या की. गल्लीत कुणीच न्हवतं." (सगळी गल्ली त्यांनाच शोधायला गेली होती!) "मंग वाटलं, मास्तरांनी कुरडयांची राखण कराया मलाच कोंडलं असंल. बसले."

"आणि दुपारी माझी खिचडी? ती का नाही खाल्लीत? आमच्या घरची म्हणून ना?"

आजी करुणाला हळूच म्हणाल्या, "करपली व्हती गं. पण तोंडावर कसं म्हणावं?"

करुणा तोंडाला पदर लावून मागच्या अंगणात गेली. कुरडया उचलायला, असं तिने सांगितलं. तिचे खांदे हलत होते.

अंधार पडायच्या आत भगवानराव आले. सोयरीक जमली होती, माणूस आनंदात होता. "सर, मायनं तरास तर नाय ना दिला?"

मी तोंड उघडण्याआधीच गोदाआजी म्हणाल्या, "म्या कशाला तरास देऊ? तुझे मास्तरच दिसभर कुठं हिंडायले व्हते! कुरडया उघड्या टाकून चालले व्हते, म्याच राखल्या."

भगवानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. प्रार्थना, बसस्टँड, कौसाआजी, लाडू, हवालदार, काही लपवलं नाही. भगवानरावांच्या चेहऱ्यावरचं हसू जाऊन गंभीर भाव आला. आपली आई कुणी दिवसभर हरवून बसलं, तर कुणाला आवडेल?

शेवटी ते म्हणाले, "सर, एक विचारू? माय सापडलीच नसती, तर त्या कौसाबाईला माझ्या घरी बसवून ठिवणार व्हताव व्हय?"

आणि ते असे हसले, की खाटेवरून खाली घसरले. युसूफभाईही हसले, रजियाआपांनी तर डोळे पुसले. मीही हसलो, पण माझं हसू बरंचसं सुटकेचं होतं. मग सगळ्यांनी मिळून आमच्या अंगणात पिठलं-भाकरी खाल्ली. आयुष्यात इतकी चवदार भाकरी मी खाल्ली नाही, आणि इतक्या धास्तीनंतर तर नाहीच.

रविवारची साक्ष मी पाळकसाहेबांना हात जोडून रद्द करून घेतली. "अजून अभ्यास कमी पडतोय," म्हटलं.

त्यानंतर गोदाआजी माझ्याशी बोलू लागल्या. पदरही कपाळापर्यंत वर गेला, आणि हनुवटीवरचं गोंदण मी प्रथमच पाहिलं. करुणाची ड्यूटी असली की त्या आमच्या ओट्यावर येऊन बसत. मला वाटायचं, मी त्यांना सोबत करतोय. पुढे कळलं, भगवानरावांना त्यांनी सांगून ठेवलं होतं: "सिस्टर घरी नसली की मास्तरकडं ध्यान द्यावं लागतं."

अशाच एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मास्तर, शेजाऱ्याचं तुमचा देव काय सांगतो, ते सांगा की."

मी खुलून गेलो. येशूने सांगितलेला एक दाखला त्यांना सांगितला. लुटारूंनी एका वाटसरूला मारून रस्त्यात टाकलं, मोठी मोठी माणसं पाहून पुढे निघून गेली, आणि एका परक्या माणसाने त्याच्या जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं आणि धर्मशाळेत नेऊन त्याची सेवा केली. "आजी, माझी फार इच्छा आहे, की मी त्या भल्या माणसासारखं व्हावं."

आजींनी तोंडातलं पान गालात सरकवलं.

"ते जनावर कोणचं व्हतं?"

"गाढव असावं बहुधा."

"मंग मास्तर, आधी त्याच्यासारखं व्हा," गोदाआजी मायेने म्हणाल्या. "त्यानं निदान बरोबर माणूस घरी नेला."